भडंगाशेजारचं सरबत

मंगळवार पेठेत भडंगाच्या लसणाचा वास आला, की आठवीतला आनंद बाजार आठवतो. त्याला पंचवीस वर्षं झाली. मुलांना धंदा कळावा म्हणून बाईंनी तो शाळेत भरवला होता. माझ्या शेजारी शोभा भडंग विकायला बसली होती. येईल त्याच्या हातावर ती आधी मूठभर ठेवायची.

"अगं, चवीला चिमूटभर दे," बाई म्हणाल्या.

"दारात आलेल्या पावण्याला चिमूट कशी द्यायची ओ बाई?"

तिचा डबा फुकटातच संपला. माझं लिंबू सरबत मात्र हातोहात खपलं. पहिला नंबर माझा आला. "धंदा ह्याच्याकडनं शीक," बाई तिला म्हणाल्या.

काल तसंच तिखटजाळ भडंग खाल्लं. घसा पेटला आणि पाय आपोआप शेजारच्या सरबताच्या गाड्याकडं वळले. तिथं उभा राहिल्यावर कळलं, त्या दिवशी माझ्याकडं गिऱ्हाईक कोण पाठवत होतं.