साडूंचे बर्फाचे बूट

माणसाच्या बहुतेक दुःखांचं मूळ त्याच्या बुटांत असतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. थोरल्या मेव्हणीचे यजमान. तेलाच्या तेजीच्या त्या वर्षांत आम्ही दोघेही सौदी अरेबियात, यान्बूला होतो. मी रिफायनरीच्या ड्रॉइंग ऑफिसात, ते पंपांच्या दुरुस्तीवर सुपरवायझर. गाव देवरुखकडचं. मॅट्रिकपर्यंत शाळेत अनवाणी गेलेला माणूस, त्यामुळे पाय पंज्याकडे विंझण्यासारखे पसरलेले, आणि कंपनीचे लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज त्यांना सतत चावायचे. कामावर कुणी चिडचिड करायला लागला की बाकीचे म्हणत, घरून काही वाईट कळलं असेल. साडू आधी त्याच्या पायांकडे बघत आणि हळूच म्हणत, "टाच हलतेय ह्याची."

हे वेड लागलं त्या दिवशी मी त्यांच्या बरोबरच होतो. एक ऑस्ट्रियन इंजिनिअर काँट्रॅक्ट संपवून परत निघाला होता आणि अंगणात सामान मांडून विकत होता. ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, साडूंना त्याचं शिलाई मशीन आणायला पाठवलं होतं. मशीनशेजारी बर्फावर घसरायच्या दोन लांब पट्ट्या आणि जाड प्लास्टिकचे, चार-चार बकलांचे बूट ठेवलेले होते. साडूंनी गंमत म्हणून पाय घातला. त्या इंजिनिअरचे पायही सुदैवानं असेच पसरट असावेत. साडूंनी बकलं लावली, गुडघे थोडे वाकवले, आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं, पाय अडकला. मी हात पुढे केला तर म्हणाले, "थांबा. पाय बसलाय. पाय बसणं म्हणजे काय, ते आज कळतंय मला." मशीन शेजारच्या एका नर्सबाईनं नेलं. आमच्या पिकअपमधून बूट आणि पट्ट्या घरी आल्या. ताईंनी दारातच सगळं खालीवर पाहिलं आणि विचारलं, "पडदे ह्यावर शिवू का?" शाळेत जाणारा त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा, देअर इज नो स्नो इन यान्बू." साडू म्हणाले, "आत्ता नाही."

त्या इंजिनिअरनं जाण्यापूर्वी त्यांना एक अख्खी दुपार बसवून सगळी निगा शिकवली होती, आणि साडूंनी ती सोवळ्यासारखी पाळली. बूट कोरडे हवेत, पण उन्हात किंवा हीटरजवळ वाळवायचे नाहीत, आकार जातो. ठेवताना बकलं हलकी लावून ठेवायची, नाहीतर प्लास्टिक फाकतं. यान्बूत मे महिन्यात दाराची कडी फडक्यानं धरावी लागे, आणि वीज गेली की साडू आधी बूट उचलून घरातल्या सर्वांत थंड जागी, म्हणजे ताईंच्या धान्याच्या कपाटात ठेवत. बासमतीच्या गोणीवर ते बूट रुबाबात बसलेले मी कैकदा पाहिलेत. पट्ट्यांच्या पोलादी कडांना समुद्राच्या खाऱ्या हवेनं गंज धरे, म्हणून दर शुक्रवारी जेवणाआधी त्यांचं तेलपाणी होई. पट्ट्यांच्या तळाला मेण लागतं, ते इस्त्रीनं वितळवून पसरायचं आणि गार झाल्यावर खरवडायचं. घरात इस्त्री एकच. एका शनिवारी साडू कामावर आले तर शर्टाच्या पाठीवर इस्त्रीच्याच आकाराचा एक गुळगुळीत त्रिकोण. त्यावर पडलेलं पाणी थेंबाथेंबानं ओघळून जायचं. साडू ते सगळ्यांना मुद्दाम पाठ फिरवून दाखवत होते. "मेण चांगल्या प्रतीचं आहे," एवढंच त्यांचं म्हणणं. ताईंनी दुसऱ्या दिवशी नवी इस्त्री आणली आणि ती कपाटात कुलपात ठेवली.

दुसऱ्याचे बूट आपल्या पायात मुरवावे लागतात, म्हणून संध्याकाळी ते घालून साडू टीव्हीसमोर बसत आणि मधूनमधून पॅसेजमध्ये फेऱ्या मारत. असे बूट घोट्यात वाकत नाहीत, त्यामुळे चालणं ठाक् ठाक् असं, एखाद्या हट्टी घोड्यासारखं. शेवटी खालच्या मजल्यावरचे इजिप्शियन गृहस्थ तक्रार करायला वर आले. शाळामास्तर होते, अंगानं भरदार. साडूंनी त्यांना आत बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, "उस्ताद, एकदा घालून तरी बघा." मास्तरांनी नको नको म्हणत पाय पुढे केला. मग साडूंचा वर्ग सुरू झाला. मोजा एकच, आणि पातळ. दोन घातले की पाय जास्त गार पडतो. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की ती मागे सरली पाहिजेत. टाच उचलता कामा नये. मास्तर वाकले, सरळ झाले, परत वाकले. "माशाल्लाह," ते म्हणाले, आणि तक्रार तिथेच खलास झाली. पुढे पाहुणे आले की मास्तर त्यांना बूट बघायला वर घेऊन येत.

कंपनीतल्या मंडळींनी एकदा ठरवलं, की यान्बूबाहेरच्या टेकड्यांवर वाळूतच साडूंचं उद्घाटन करायचं. पिकअप तयार, बिर्याणीचं पातेलं तयार. साडूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "वाळूवर? तळाला ओरखडे किती पडतील, ठाऊक आहे?" ते बिर्याणी खायला आले, पट्ट्या आणल्या नाहीत. परत येताना माझी बायको मागच्या सीटवरून हळूच म्हणाली, "भावोजी घाबरतात हो." मी तिला गप्प केलं, कारण साडू पुढेच बसले होते आणि त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते.

ताईंनाही ते दिसलं असावं. त्या हिवाळ्यात रजेचा बेत त्यांनीच आखला: गावी जायचं, पण आधी सगळ्यांनी गुलमर्ग. साडूंनी आढेवेढे घेतले. पंप उघडलेत म्हणाले, मुलाची परीक्षा म्हणाले. ताई म्हणाल्या, "माझ्या तांदळावर किती वर्षं बसायचेत ते बूट?" जेद्दाच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं ते लांबलचक बोचकं बघून विचारलं, "एश हादा?" म्हणजे हे काय. साडूंनी खांदे डोलवत, हात हलवत बर्फावरून घसरून दाखवलं. त्यानं शेजारच्याला बोलावलं, दोघांनी तो प्रयोग पुन्हा करवून घेतला आणि हसत पुढे जायची खूण करत म्हणाले, "यल्ला, यल्ला."

गुलमर्गला बर्फ इतका होता की माझ्या बायकोला पहिल्यांदा पाहून रडूच आलं. साडूंनी वाकून तो मुठीत घेतला, वास घेतला, आणि शेजारच्या बाकावर बसले. ते बसलेच. त्या बाकावर भाड्याचे बूट घातलेली माणसं दर थोड्या वेळानं कण्हत येत होती. एक गुजराती नवरदेव दोन लोकरी मोजे घालून आला होता. साडूंनी त्याचा एक काढायला लावला. कुणाच्या पँटचा काठ बुटात अडकून नडगीला रुतत होता, कुणी वरचं बक्कल सोडून खालचंच आवळलं होतं. दुपारपर्यंत बाकासमोर रांग. घसरायला शिकवणारा काश्मिरी शिक्षकही आपली माणसं त्यांच्याकडे पाठवायला लागला. साडू प्रत्येकाला बकलं लावून देत आणि म्हणत, "विसाव्याला सैल करा बरं." स्वतः मात्र उठत नव्हते. दुसरा दिवसही तसाच गेला. संध्याकाळी शिक्षकानं विचारलं, "आप कब आएंगे, साहब?" साडू म्हणाले, "इन लोगों का हो जाए."

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई साडीवर ओव्हरकोट, आत मुलाची ट्रॅकसूटची पँट, अशा थाटात बाकासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात भाड्याचे बूट. "माझे लावून द्या," त्या म्हणाल्या.

साडू खाली बसले. मोजा ताणून सुरकुत्या काढल्या, पाय आत सरकवला, टाच मागे ठोकून घ्यायला सांगितलं, आणि एकेक बक्कल लावत गेले. शेवटचं बक्कल त्यांनी दोनदा सोडून परत लावलं. "दुखतंय कुठे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," ताई म्हणाल्या. "तुम्हाला वाटते म्हणून तर मी घातलेत. आता उठा."

साडू उठले. शिक्षकानं दोघांना लहान मुलांच्या उतारावर नेलं. ताई साडीचा ओचा कमरेला खोचून सुटल्या त्या थेट खालपर्यंत, एकही शब्द न बोलता, आणि खाली पोचून मागे वळून बघत उभ्या राहिल्या. साडू निघाले, थोडं घसरले, वाकायच्या ऐवजी ताठ झाले आणि बसले. उठले, परत निघाले, परत बसले. असं करत करत ते ताईंपर्यंत पोचले तेव्हा भुवयांवर बर्फ होता. मी धावत गेलो. ते धापा टाकत मला म्हणाले, "टाच अजिबात उचलली नाही." त्या दिवशी बाकावरची रांग ताटकळली, आणि साडू अंधार पडेपर्यंत परत आले नाहीत.

पुढे तेजी ओसरली, माणसं पांगली. आम्ही पुण्याला स्थायिक झालो. त्यांचा मुलगा कॅनडात गेला आणि काही वर्षांनी दोघांना तिकडेच घेऊन गेला. तिथे म्हणे घराच्या दारातून बर्फ सुरू होतो. मी एकदा फोनवर म्हटलं, "आता तर तुमचं राज्यच आहे की." साडूंनी आधी पुण्याच्या पावसाची चौकशी केली. मग म्हणाले, "तुमच्या ताई जातात नातीबरोबर. मी उताराखाली कॉफी पीत बसतो. शेजारी बाक आहे, लोक येतात, बूट घालतात, निघून जातात. इथे सगळ्यांनाच येतं हो. कुणी काही विचारत नाही."

मी माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हटलं, "साडूभाऊ, हल्ली माझा डावा बूट फार चावतो. काय करू?"

"थांबा," ते म्हणाले, आणि पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "आधी सांगा, उभे आहात की बसलेले?"