सोडलेले तंतू

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘फूटपट्टी’ म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. कातडीला आणि रक्तवाहिन्यांना घट्ट धरून ठेवतात ते कोलॅजनचे तंतू. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या फोटोंत त्यांची जाडी मोजणं हे आम्हा दोघींचं काम. आडव्या कापात ते गोल ठिपक्यांसारखे दिसतात. नमुना कुणाचा ते आम्हाला सांगत नाहीत. चौकटीत येईल तो प्रत्येक ठिपका मोजायचा, त्यात आवडनिवड नाही. दोघींनी वेगवेगळं मोजून मग आकडे ताडून बघायचे. माझं चुकलं की ती दिवसभर तोंड सोडायची. मला ती मुळीच आवडत नसे.

त्या दिवशी आकडे जुळेनात. माझ्याकडे जाड-बारीक असा सगळा गोंधळ, तिच्याकडे सगळे तंतू एका मापाचे. मनात म्हटलं, आली बया तावडीत. तिच्या खुणा पडद्यावर उघडल्या. तिनं गोल, देखणे ठिपके तेवढे मोजले होते. वेडेवाकडे, फाटक्या कडांचे सगळे सोडून दिले होते.

मी काही बोलायच्या आत तिनंच दार लावलं. नमुना तिच्या भाचीचा होता. कातडीचा तुकडा काढल्याचे दंडावरचे टाके भाचीनं दाखवले होते, आणि त्या आठवड्यात कातडीचा दुसरा नमुना आलाच नव्हता. भाचीचा बाप, म्हणजे हिचा भाऊ, रक्तवाहिनी फुटून उभ्या उभ्या गेला होता. भाचीलाही तोच आजार आहे का, याला रक्ततपासणी धड हो म्हणेना, धड नाही. आणि भाची पोटुशी होती. तंतू एकसारखे, चांगले निघाले तर घराजवळच्या दवाखान्यात साधं बाळंतपण. खराब निघाले तर वेळेआधीच मोठ्या रुग्णालयात, सर्जन हाताशी ठेवून.

“ठरवून नाही गं केलं,” ती म्हणाली. “हात तिकडे जातच नव्हता.”

मला तिचा राग आला आणि कीवही आली. “ताई, तुमच्या या मायेनं पोरगी जिवाला मुकेल.”

ती उठली. मग स्वतःच साहेबांकडे जाऊन आपले आकडे रद्द करून आली. शेजारच्या विभागातला एक जण मोजायला बसला. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो, एकमेकींकडे न बघता.

त्याचे आकडे माझ्याशी जुळले. आपलं चुकायला हवं होतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

डॉक्टरांनी कळवल्यावर तिनं भाचीला फोन लावला. “बाळा, बॅग भर. मोठ्या दवाखान्यात जायचंय. आत्या आहे ना बरोबर.” आवाज जरासुद्धा हलला नाही. फोन ठेवला, आणि मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली.