गुरुजींचा उजवा, होमराजचा डावा

लाईट गेली की कॉम्प्युटर क्लासमध्ये दोनच गोष्टी सुरू राहतात, डास आणि तोंडं! सडक अर्जुनीत मी क्लास काढला तो दोन हजार तीन-चारचा काळ. लोडशेडिंग इतकं, की मी पोरांना टायपिंग कमी शिकवलं आणि गप्पाच जास्त ऐकल्या. किस्से असेच साचतात, कोणी मुद्दाम साठवत नाही. आता लाईट बरी राहते, गिऱ्हाईकही बरं आहे. पण त्या गप्पांमधले दोघं आता एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून हे किस्से सांगताना हसू येतं, आणि लगेच वाईटही वाटतं.

दोघं म्हणजे प्रदीप आणि होमराज, दोघंही सौंदडचे. प्रदीप शाळेत मास्तर, म्हणून आम्ही त्याला गुरुजी म्हणायचो. होमराजची धानाची शेती. तो माझ्याकडे डीटीपी शिकायला आला आणि शिकून झाल्यावरही गेलाच नाही!

* * *

माझ्या टेबलावर तेव्हा प्लास्टिकचे दोन चिमुकले स्पीकर होते. गुरुजी जुन्या गाण्यांचा वेडा. एकदा ऐकून म्हणाला, "भाऊ, याच्यात बाई गाऊन राहिली का माणूस, काहीच समजून नाही राहिलं!"

मग ठरलं की आपणच बनवायचे. नागपुरात किट मिळायचं. त्यात स्पीकर, वायरी, आवाज वाढवायचं सर्किट आणि डब्याच्या नकाशाचा एक कागद. डबे आपले आपण करून घ्यायचे, सगळं आत बसवायचं, आणि जोडी टेबलावर कॉम्प्युटरच्या दोन बाजूंना ठेवायची.

किट आणायला गुरुजी गेला. परतीच्या एसटीत गर्दी. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, खोका मांडीवर घेतला तर फुकट. सीटवर ठेवला तर फुल तिकीट!"

स्पीकरला लोहचुंबक असतं, ते चांगलंच जड. नागपूरपासून खोका मांडीवर! सडक अर्जुनीला गुरुजी उतरला तो थेट खाली बसला. दोन्ही पाय झोपलेले. होमराजनं आधी त्याच्या हातातला खोका घेतला, उघडून सगळं नीट आहे का ते पाहिलं, आणि मग म्हणाला, "आता तुले उचलतो!"

* * *

डब्यांसाठी होमराजनं गोंदियाचा मिस्त्री गाठला. त्याला नकाशा दिला आणि हा धान कापायला निघून गेला. कापणी आटोपून आला तेव्हा डबे तयार होते. पण ते एसटी स्टँडवरून घरी आणायला त्याला बैलगाडी करावी लागली!

नकाशात मापं सेंटीमीटरमध्ये होती. मिस्त्रीनं सगळी इंचात केली. माझ्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवायचा होता, आणि हे डबे असे की त्यांच्यावरच टेबल ठेवावं.

मिस्त्री काही ऐकून घ्यायला तयार नाही. "कागज पे पच्चीस लिखा था, पच्चीस बनाया! अब आपका गाना छोटा है तो मैं क्या करूं?"

मोठे डबे होमराजच्या आईनं ठेवून घेतले. एकात तांदूळ भरले, दुसऱ्यात तुरीची डाळ. सगळ्या आळीला बोलावून दाखवायची, "पाहा बाई, माह्या पोरानं कसं डोकं लावलं! हात घालायले भोक पण ठेवलं!"

* * *

दुसऱ्या खेपेला डबे बरोबर आले. नकाशात लिहिलं होतं की आत काहीतरी मऊ भरा, म्हणजे आवाज घुमत नाही. गुरुजी म्हणाला, जुन्या गादीचा कापूस भरू. होमराज म्हणाला, "कापूस कायले? आमच्याकडं तणस आहे ना! त्याच्यावर वासरू झोपते, तर आवाज काऊन नाही झोपणार?"

वाद नको म्हणून डाव्यात कापूस भरला, उजव्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा. एक महिना दोन्ही डबे उत्तम वाजले. मग उजव्यातून खरखर यायला लागली. वायरी तपासल्या, सर्किट पाहिलं, कॉम्प्युटर बदलून पाहिला. शेवटी डबा उघडला तर तणसात उंदरीण, आणि तिची पिल्लं! तणसाला धानाच्या लोंब्या राहिल्या होत्या, आणि हवेसाठी ठेवलेलं भोक तिला दारासारखं सापडलं होतं.

होमराज कपाळावर हात मारून म्हणाला, "आपण वायर तपासून राहिलो, अन् हिचं बाळंतपण चालू!"

शेतकरी माणूस. बांधावर उंदीर दिसला की सोडणारा नाही. पण गुरुजी म्हणाला, "डोळे उघडू दे बे त्याईचे," आणि होमराजनं गपचूप डबा मिटला. पिल्लं निघून जाईपर्यंत आम्ही सगळे एकाच बाजूनं गाणी ऐकत होतो. नवीन आलेल्या पोराला वाटायचं बिघाड आहे. होमराज बोटानं चूप करायचा, "हळू! आत लेकरं आहेत."

* * *

या जोडीत एक गोम होती. आवाज वाढवायचं सर्किट फक्त डाव्या डब्यात. उजवा त्याच्याच वायरवर चालायचा. आणि जुन्या गाण्यांत सगळी वाद्यं दोन्हीकडे नसतात. एका गाण्यात बाईचा आवाज डावीकडून यायचा आणि ढोलकी उजवीकडून. ते गाणं दोघांचं फार लाडकं. नीट ऐकायचं तर बरोबर मधोमध बसावं लागतं, आणि मधोमध जागा एकालाच.

हे दोघं एकाच स्टुलावर बसायचे! अर्धा-अर्धा. डोकी एकमेकांना टेकलेली. पोरी तोंडावर ओढणी धरून हसायच्या. त्या स्टुलावर दोन दांडगे पुरुष कसे मावत होते देव जाणे. आज ते आठवलं की जीव तुटतो.

* * *

मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली. वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव निघाली. एका पॅनलनं गुरुजीच्या बायकोला उभं केलं, दुसऱ्यानं होमराजच्या. दोघी मैत्रिणी, एकाच बचत गटातल्या. सुरुवातीला तर दोघींची पत्रकंही मीच छापली, एकाच दुपारी!

प्रचारात लोकांनी इकडचं तिकडं केलं. गुरुजी असं बोलला, होमराज तसं बोलला. नेमकं काय बोलला ते मी दोघांनाही विचारलं. दोघांचंही उत्तर एकच, "जाऊ दे भाऊ, आता काय सांगू."

निकाल लागला. दोघीही पडल्या, तिसरीच निवडून आली! दोघी मतमोजणीवरून एकाच ऑटोत बसल्या, रस्त्यात थांबून भजे खाल्ले आणि हसत घरी आल्या. बोलणं बंद झालं ते नवऱ्यांचं.

* * *

पुढच्याच आठवड्यात गुरुजी क्लासमध्ये आला आणि म्हणाला, "माझ्या वाट्याले एक डबा येते."

मी समजावलं. म्हटलं, जोडी आहे रे, एकेकटा काय कामाचा? होमराज कोपऱ्यात बसला होता. तो उठला, वायर काढली आणि मलाच म्हणाला, "भाऊ, त्याले सांग, पाहिजे तो घेऊन जा म्हणा."

गुरुजीनं उजवा उचलला. सर्किट डाव्यात आहे हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. तरी उजवाच उचलला. उरलेला डावा होमराज घेऊन गेला.

तेव्हापासून होमराजच्या घरी ते गाणं वाजायचं, पण ढोलकीशिवाय. आणि ढोलकी गुरुजीच्या घरी, कपाटावर, मुकी. गुरुजीच्या बायकोनं तिच्यावर फुलदाणी ठेवली.

* * *

दिवाळीनंतर होमराज डावा डबा दुपट्ट्यात गुंडाळून माझ्याकडे आला. "हे गुरुजीले देऊन दे. याच्याशिवाय त्याचा वाजत नाही."

"तूच दे ना."

"मी कायले देऊ?"

त्याच आठवड्यात गुरुजी उजवा घेऊन हजर! "होमराजले दे. त्याच्या घरी ढोलकी ऐकू येत नसन."

मी याचा निरोप त्याला सांगितला, त्याचा याला. दोघंही म्हणाले, "मले नाही पाहिजे. त्याचं त्याले ठेवू दे." एवढा राग आला! लहान पोरं असती तर कान धरून समोरासमोर उभी केली असती. पण चाळिशीतल्या माणसांचे कान कोण धरणार? डबे माझ्याच टेबलावर राहिले, डावीकडे डावा, उजवीकडे उजवा.

आता दोघंही येतात, पण वेगवेगळे. आधी बाहेर दुसऱ्याची गाडी आहे का पाहतात. असली की पुढे पानठेल्यावर थांबतात. होमराज आला की दोन्ही डबे पुसतो. गुरुजी आला की दोन्हींचे स्क्रू पाहतो. मी दोघांशीही बोलून पाहिलं आहे.

* * *

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी होमराज आत बसून तेच गाणं ऐकत होता. त्याची गाडी दुरुस्तीला टाकलेली, त्यामुळे बाहेर उभी नव्हती. गुरुजी सरळ दारापर्यंत आला. ऊन आत येऊ नये म्हणून मी दाराची एक झडप लावून ठेवली होती, आणि उजवा डबा नेमका तिच्या आड.

मला गुरुजी दिसला. होमराजची दाराकडे पाठ. गुरुजी एक पाय पायरीवर, एक खाली, तसाच उभा राहिला. आतही आला नाही, गेलाही नाही.

होमराजनं मागे वळून पाहिलं नाही, पण स्क्रीनच्या काचेत त्याला गुरुजी दिसला असावा. हळूच म्हणाला, "भाऊ, दार पुरं उघड."

"ऊन येईल रे."

"येऊ दे. बाहेर ढोलकी जाऊन नाही राहिली."

मी उठलो आणि दार सताड उघडलं. होमराजनं गाणं पहिल्यापासून लावलं. तो आत, हा उन्हात. पूर्ण गाणं होईपर्यंत कोणी हललं नाही. संपल्यावर मी धीर करून विचारलं, "चहा सांगू का? तीन?"

दोघंही एकदमच म्हणाले, "नाही भाऊ, जाऊन राहिलो!"