किती वाव खाली जीव

माणूस बुडाला तर त्याचा जीव किती वाव खाली जातो? मी गलबताच्या नाखव्याला विचारलं, भटजींना विचारलं, साहेबालाही विचारलं. कुणी सांगितलं नाही. दुखवट्याला कोपर गावी आमच्या घरी येणारे मात्र दादाचा एकेक किस्सा ठेवून जातात. आता घरात बसायला जागा नाही इतके झालेत.

साहेबाने कल्याण बंदरात गलबत भाड्याने घेतलं आणि दादाला सांगितलं, "समुद्रात कुठल्या खोलीला किती जीव, ते बघायचं." मेलेल्या जिवांचं पाण्यात विरघळून जे उरतं, ते त्याला म्हणायचं होतं. मराठीत त्याला एवढाच शब्द येत होता. दादा घरी म्हणाला, "आई, साहेब जीव मोजतो." आईने आधी त्याची दृष्ट काढली.

दोन्ही हात पसरून धरलेली दोरी म्हणजे एक वाव, असे वाव मोजत बाटली खाली सोडायची, बूच ओढून पाणी भरायचं. वर आणून त्यात जांभळी दवा टाकून ऊन करायचं. रंग विटला की पाण्यात जीव आहे. दादाला आकडे येत नसत. तो बाटलीच्या गळ्यातल्या दोऱ्याला पन्नास वावांना एक गाठ मारी.

नाखव्याने ती दवा ताडीत टाकली. रंग तिथल्या तिथे गेला. "बघ, जीव हाय," तो म्हणाला. "आता हिला कुनी नशा म्हनायचं नाय."

एकदा मीठ संपलं म्हणून आईने दादाने घरी आणून ठेवलेली सहा गाठींची बाटली आमटीत ओतली. साहेब दारात आला. "तीनशे वाव कुठे?"

"पोरांच्या पोटात," आई म्हणाली. "दवा आणलीय का?"

वरच्या पाण्यात रंग लवकर विटे, खाली जावं तसा टिके. पण पार खालच्या पाण्यातही थोडा विटलाच. साहेब म्हणाला, "बाटली घाण असेल."

दादा चिडला. "तीनदा धुतली, साहेब. काळोखात पण काहीतरी राहतं."

ते दाखवायला तो परत गेला. सुटत्या दोरीत त्याचा पाय अडकला आणि तो दोरीबरोबर पाण्यात गेला. दोरी वर ओढली, तेव्हा भरलेली बाटली आली. दादा नाही आला.

ती बाटली नाखव्याने घरी आणली. साहेब म्हणाला, "किती खोलीचं पाणी, कुणाला ठाऊक नाही. ही हिशेबात धरता येणार नाही."

"दवा तर टाका," आई म्हणाली.

वाटीभर पाण्यात दवा टाकून ते चुलीवर ठेवलं. रंग विटला. साहेबाने बाटल्यांची पेटी उघडली.

मी बाटलीच्या गळ्यातला दोरा धरला आणि गाठी मारत गेलो. दोरा संपला, तेव्हा बाटली साहेबाच्या पेटीत बाकीच्यांच्या रांगेत ठेवली.