चिचगडी

दसाराम मिस्त्रींकडे कोणी बैलगाडी करायला सांगायला गेलं, की ते आधी त्याचे बैल चालवून पाहायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, लाकूड दाखवा, माप घ्या, कधी देता ते सांगा. मिस्त्री त्यातलं काही कानावर घ्यायचे नाहीत. बाभळीच्या ओंडक्यावर बसून, न पेटवलेली बिडी तोंडात धरून, ते बैलजोडी रस्त्याच्या त्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत नुसतं पाहत राहायचे. कोणता बैल जोर लावतो, कोणता मान पाडतो, कोणता शेजाऱ्याच्या जिवावर चालतो, हे मनात नीट बसलं की मगच पहिल्या लाकडाला हात लागायचा. एकदा एक जण बैल घरी ठेवून एकटाच आला. मिस्त्रींनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

"बैल नाई पाहाले तं बंडी कोनासाठी करू? तू ओढशीन का?"

मी चिचगडला इंग्रजीचा मास्तर म्हणून गेलो आणि त्यांच्या घरासमोरच खोली मिळाली. सकाळी रंध्याच्या आवाजाने जाग यायची. सुरुवातीला चिडचिड व्हायची, नंतर रविवारी आवाज आला नाही तर चुकल्यासारखं व्हायला लागलं. सुगरताकाकी, म्हणजे त्यांची बायको, मला भिंतीवरून चहाला हाक मारायची. ती मिस्त्रींपेक्षा कमी बोलायची आणि बोलली की लागायचं.

माणसं बसायची जी हलकी बैलगाडी असते, तिला आमच्याकडे रेंगी म्हणतात. लग्नाला, मंडईच्या जत्रेला, लेकीला माहेरी आणायला रेंगी जुंपायची. मिस्त्रींची रेंगी पोटातलं पाणी हलू देत नाही, अशी ख्याती होती. जंगल उतरून खाली अर्जुनीकडच्या धानाच्या गावांत तर तिला कोणी रेंगी म्हणतच नसत, 'चिचगडी' म्हणत. चिचगडी पाठवा मग लेक पाठवतो, असं व्याही अडून बसायचे. हे मिस्त्रींनी मला एकदाच सांगितलं आणि तेही आवाज खाली आणून, जणू कोणाची चहाडी करत आहेत.

मी त्यांना ओळखू लागलो तोवर ते दिवस सरले होते. गावात चार-पाच बैलगाड्या उरल्या होत्या. मिस्त्री घरात जेवत असले तरी बाहेरून गाडी गेली की न पाहता सांगायचे, "आसाराम चालला. तेल नाई घातलं आळश्यानं." ट्रॅक्टरला त्यांनी कधी शिव्या दिल्या नाहीत. कोणी घाई करू लागला तर मात्र त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "घाई असन तं पायी जा." पण रिकामे हात त्यांना सोसले नाहीत. एका उन्हाळ्यात कोणीही सांगितलं नसताना त्यांनी रेंगीच्या चाकांची एक जोडी केली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मी कौतुक केलं तर म्हणाले, "बैलाबिगर केली गुरुजी. चांगलं नाई केलं." त्या चाकांकडे पाठ करूनच ते बसत.

त्याच दिवसांत माझ्या हाती ती गोष्ट लागली. वर्गात कोणीतरी विचारलं, आगगाडीच्या डब्याला कोच का म्हणतात? मला येत नव्हतं. थोरल्या शब्दकोशात पाहिलं तर निघालं की हंगेरी नावाच्या देशात कोच नावाचं एक खेडं आहे. तिथले सुतार घोडागाड्या अशा करायचे की बसणाऱ्याला हिसका लागत नसे. पैठणची ती पैठणी, तशी कोचची ती 'कोची'. मग पोलंडमधल्या लोकांनी तिला कोच म्हटलं, जर्मनांनी कुत्शे केलं, असं करत करत इंग्रजांपर्यंत शब्द पोचला आणि त्यांच्या आगगाडीत बसून अर्जुनीच्या फलाटावर उतरला.

संध्याकाळी मी हे मिस्त्रींना सांगितलं. उगाच थोडं बरं वाटावं म्हणून. ते रंधा बाजूला ठेवून ऐकत होते.

"त्या मिस्त्रीचं नाव काय?"

"नाव नाही दिलेलं. गावाचंच आहे."

"बराबर हाय. मिस्त्रीचं काय कराचं." मग म्हणाले, "आता तिथं मोटारी आल्या असतीन."

"आल्या. पण हंगेरीत मोटारीलासुद्धा कोचीच म्हणतात."

मिस्त्रींनी तोंडातली बिडी काढून कानामागे ठेवली. मग त्यांनी मला जे विचारलं, ते मी अजून विसरलेलो नाही. "गुरुजी, आपली चिचगडी राहीन का कोनाच्या तोंडात?"

मी म्हटलं, राहील की. मास्तर माणूस, उत्तर द्यायची सवय. पण मिस्त्रींनी ते उत्तर घेतलं नाही. "असं नोका सांगू. तुमी फिरता. ऐकजा, अन् मंग सांगजा."

त्या दिवसापासून हे माझं काम झालं. पुढे माझी अर्जुनी मोरगावला बदली झाली, तेव्हा तर त्यांना आनंदच झाला. चिचगडी म्हणणारी गावं तिकडचीच. मी बाजारात, धानाच्या गिरणीवर, लग्नाच्या पंगतीत कान देऊन बसायचो. कोणी तो शब्द काढत नसे. रेंगीच नाही तर शब्द कशाला निघेल? दिवाळीत चिचगडला गेलो की मिस्त्री तोंडाकडे बघायचे आणि मी नाही म्हणून मान हलवायचो. "बरं," म्हणायचे, "पुढच्या खेपेला." त्यांचे कान जात चालले होते. आवाजावरून गाडी ओळखणाऱ्या या माणसाला आता गाडी दारात उभी राहिली तरी कळत नसे. फोनवर तर काही ऐकूच येत नसे. जे सांगायचं ते समोर बसून, ओरडून सांगावं लागे.

परवाच्या फाल्गुनात मी एका विद्यार्थ्याच्या घरी खेड्यावर गेलो होतो. परत निघालो तर त्याची आजी ओसरीवरून नातसुनेला म्हणाली, "गुरुजीले बसू दे. पाह्य, चिचगडी आली का चौकात?"

मी थबकलो. चौकात प्रवासी भरायची वाट पाहत काळीपिवळी जीप उभी होती. मी म्हटलं, "आजी, ही तर गोंदियाला जाते. हिला चिचगडी काऊन म्हणता?"

"कुठंई जाओ ना. मानसं बसाच्या गाडीले चिचगडीच म्हनतेत."

"कधीपासून?"

"मले काय मालूम? माही सासूबी म्हने." मास्तरला एवढंही कळू नये, असं तिच्या तोंडावर होतं.

नातसूनही तोच शब्द बोलत होती. मला तिथेच रडू येईल की काय असं झालं. हंगेरीत झालं तेच माझ्यासमोर, शेणाने सारवलेल्या ओसरीवर झालं होतं. तेव्हाच गाडी पकडून चिचगडला जायला हवं होतं. दीड-दोन तासांचा रस्ता. पण दहावीचे पेपर तपासायचे होते. मग निवडणुकीची ड्युटी लागली. मग ऊन फार होतं. एवढी मोठी बातमी आहे, निवांत जाऊन सांगू, असं मी स्वतःला सांगत राहिलो. ती सांगण्याच्या चवीचा मीच लोभी झालो होतो, हे आज कळतं.

दोन महिन्यांनी पाव किलो पेढे घेऊन गेलो. अंगणात भुसा नव्हता, झाडून स्वच्छ केलं होतं. तिथेच मला कळायला हवं होतं. सुगरताकाकी सुपात तांदूळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बारा दिस झाले. तुमाले कोनी सांगतलं नाई?"

आजार असा काही नव्हता. जेवण सुटलं आणि आठ दिवसांत गेले. मी पेढ्यांची पुडी पिशवीत ढकलली. आजीची सगळी गोष्ट काकीला सांगून टाकली. जीप, चौक, सासू, नातसून. काकी खडे वेचत ऐकत होती.

"कवाची गोष्ट?" तिने विचारलं.

"फाल्गुनातली."

तिचा हात थांबला. "त्यायनं दोनदा इचारलं होतं, गुरुजी आले का म्हनून. मी म्हटलं, येतीन." मग माझ्याकडे न बघता तिने मिस्त्री बसायचे त्या ओंडक्याकडे हात केला. "मले कायले सांगून राहिले? तिथं जाऊन सांगा."

मी उठलो. ओंडका तसाच होता, आणि मागे भिंतीला ती दोन चाकं. मी तिथे उभा राहून सगळं पहिल्यापासून सांगितलं. मोठ्याने सांगितलं, कारण शेवटी शेवटी त्यांना फार कमी ऐकू यायचं.