जाऊबाईंच्या हौदाकडची पन्हाळ

हे मी कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशीही नाही. तुम्हाला सांगतेय — तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल.

आष्टीच्या अलीकडं आमचं गाव. थोरल्या दिरांचं आणि आमचं घर लागून, मधे एकच भिंत. दोन्हीकडच्या पत्र्यांचं पाणी त्या भिंतीवरच्या पन्हाळीत उतरतं. ती बसवली त्यांच्या जावयानं, शेड मारायचं काम करतो तो. उतार दिला सासऱ्याच्या हौदाकडं. थोरल्यांचा मान ना! आणि साफ कोण करायचं? मी. दीर-जाऊबाई ऊसतोडीला गेलेले. पाला, माती, चिमण्यांच्या काड्या, सगळं मीच काढायचे. पाणी त्यांना, आणि आम्ही टँकरमागं घागरी घेऊन पळायचं. लई जळायचे मी.

तर — कसं सांगू? एका उन्हाळ्याच्या शेवटी पन्हाळ साफ केली, आणि उतरताना त्यांच्याकडच्या तोंडात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबून आले. वरून चिखल लिंपला. तुंबलं की पाणी आमच्या बाजूनं पडेल, एवढंच डोक्यात. रागाच्या भरात केलं का? नाही हो. शांतपणे केलं.

ते दोघं परत आले, मागोमाग पाऊस. माझी टाकी भरली. पण पाणी काठावरून त्यांच्या बाजूनं भिंतीतही उतरलं — भिंत फुगली, त्यांची वर्षाची ज्वारी भिजली. मी सगळ्यांच्या आधी वर चढले, बोळा काढून ओच्यात लपवला. तिथंच गप्प बसायचं होतं. पण खालून जाऊबाईंनी विचारलं, "काय तुंबलंय का गं?"

आणि मी म्हणाले, "तुंबलं न्हाई काई. उतारच चुकलाय जणू, एवढ्या मोठ्या पावसात कळलं."

दिरांनी जावयाला बोलावून चार माणसांत झाडलं. तो एवढंच म्हणाला, "मामा, उतार बरोबर हाय." कुणी ऐकलं नाही. मी तिथंच चहाच्या कपबशा उचलत होते — उचलतच राहिले. जावयाचा असा अपमान म्हणजे आमच्याकडं साधी गोष्ट नाही. तो उठून गेला, आणि बायकोला माहेरी पाठवायचं बंद केलं. त्या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. तिचं माहेर मी तोडलं, दुसऱ्या कुणी नाही.

पंचमीला गावातल्या साऱ्या लेकी येतात. यंदा त्या दिवशी जाऊबाई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या.

"आमची कविता कावून येत न्हाई गं? आमचं काय चुकलं?" म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

सांगायचं होतं. ओठावर आलं होतं, खरंच. आणि काय बोलले मी?

"जावईच तसला निघाला, जाऊबाई."

त्यांनी डोळे पुसले. त्यांना पटलं.