घड्याळावर बसून निघालेली वरात

निबंध हातात आला की ते आधी खिशातून निळी पेन्सिल काढायचे आणि पहिला परिच्छेद न वाचताच त्यावर आडवी रेघ मारायचे. मग म्हणायचे, "हे खाकरणं झालं. गाणं कुठाय?"

गाणं बहुधा नसायचंच. तुम्हीही असे निबंध लिहिले असतील, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही. आम्ही सात-आठ जण निपाणी, चिकोडी, खानापूरकडून बेंगळुरूला शिकायला आलेलो. यशवंतपुराला एका चाळीत राहायचो. सगळ्यांत मिळून एकच गाइड होतं. इतिहास, विज्ञान, साहित्य, सामाजिक प्रश्न, काहीही विचारा, उत्तर त्या गाइडात. एकाने तर घाईत 'पान बेचाळीस पाहा' हेसुद्धा निबंधात उतरवलं होतं. त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "पाहिलो. तिथंबी काही नाही."

हे निळ्या पेन्सिलवाले गृहस्थ समोरच्या घरात राहायचे. एका सरकारी कारखान्यात तपासनीस होते. तिथे तयार झालेले सुटे भाग एका मापात घालून बघायचे, बसला तर पास, नाही तर बाजूला. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पण आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या निबंध स्पर्धेचे परीक्षक तेच, कारण दुसरं कुणी एवढे निबंध वाचायला तयार नव्हतं. चाळीत सगळे त्यांना अण्णा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला अक्का. मीही तेच म्हणेन.

'विज्ञान: शाप की वरदान' हा निबंध घेऊन कुणी गेला की अण्णा विचारायचे, "तुझ्या खोलीतला बल्ब कसा लागतो, सांग बघू."

"बटण दाबलं की."

"मग त्या बिचाऱ्याला शाप कशाला देतोस?"

थोर पुरुषांचंही त्यांना फारसं काही वाटायचं नाही. आमचे सगळे थोर पुरुष गरीब पण सुसंस्कृत घरात जन्मायचे आणि शेवटी अमर व्हायचे. अण्णा म्हणायचे, "ह्यातलं एक तरी पोरगं लहानपणी नापास होऊ दे की रे. माझ्या ओळखीचं वाटेल." अक्का आतून ओरडायच्या, "पोरांना आधी चहा द्या, मग अब्रू घ्या."

त्या वर्षी मी 'हुंडा: एक सामाजिक प्रश्न' असा निबंध लिहिला. सहा पानं. समाजाला लागलेली कीड, समाजाच्या कपाळावरचा कलंक, सगळं होतं त्यात. अण्णांनी पाच पानांवर रेघ मारली. सहाव्यावर माझं नाव होतं म्हणून ते वाचलं.

"तम्मा," ते म्हणाले. कन्नडमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं ते आम्हा सगळ्यांना म्हणायचे. "तुझ्या घरात कुणाचं लग्न झालंय?"

"बहिणीचं. वैशाखात."

"काय दिलात?"

मी सांगू की नको असं करत सांगितलं. नवरदेवाला सायकल हवी होती. बाबा तंबाखूच्या वखारीत कामाला. नवी सायकल काही त्यांना जमली नाही. मग त्यांनी स्वतःचीच जुनी सायकल काळ्या रंगाने रंगवली आणि मांडवाबाहेर उभी केली. नवरदेव हौसेने वरातीला तिच्यावरच बसले. रंग ओला होता. उतरले तेव्हा पांढऱ्या विजारीची जी दशा झाली होती, ती सगळ्या गावाने पाहिली. तेव्हापासून नवी सायकल येईपर्यंत बहिणीला माहेर बंद. नागपंचमीलाही तिला पाठवलं नव्हतं.

अण्णा आधी हसले, मग हसायचे थांबले. "हे का नाही लिहिलास?"

"ते घरचं आहे."

"आणि ही कीड कुठली? बाहेरची?"

मी परत लिहून आणला. दोनच पानं झाली. स्पर्धेत निबंधावर फक्त क्रमांक असायचा आणि नाव वेगळ्या पाकिटात बंद. त्यामुळे आपलं नाव कुणाला कळणार नाही, अशी माझी समजूत होती.

गणपतीत, निकालाच्या आदल्या संध्याकाळी, अण्णा आमच्या दारात आले. "सदरा इस्त्री कर. उद्या स्टेजवर वाचायचं आहे. पहिला आलास."

पहिल्या आलेल्याने आपला निबंध सगळ्यांसमोर वाचायचा, ही मंडळाची पद्धत. मी नवा होतो, मला ती ठाऊकच नव्हती. आणि माझ्या मेहुण्यांचे सख्खे मामा मंडळाचे खजिनदार होते. पहिल्या रांगेत बसायचे. वरातीत ती सायकल धरायला तेच पुढे होते.

"अण्णा, तो निबंध जाळून टाका," मी म्हणालो. "खजिनदार माझ्या मेहुण्यांचे मामा आहेत. त्यांनी ऐकलं तर तिला कधीच पाठवणार नाहीत."

"मामा इथं आहेत हे आधी सांगायचं नाही होय?"

"मला वाटलं तुम्ही एकटेच वाचणार."

ते बराच वेळ पेन्सिल खिशात घालत-काढत राहिले. मग म्हणाले, "भाग पास झालाय. पास झालेला भाग भंगारात टाकायची मला सवय नाही. बघू. तू उद्या मागं बस."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी पहिल्या क्रमांकाचं पाकीट फोडलं, चिठ्ठी वाचली आणि चष्मा पुसून परत वाचली. चिठ्ठीवर अण्णांचं नाव होतं.

"अहो, परीक्षक तुम्ही, आणि पहिला नंबरही तुमचाच?"

"दुसरं कोणी बरं लिहीना. काय करू," अण्णा उठत म्हणाले. "सरी, बरोबर आहे तुमचं, नंबर रद्द करा. पण वाचू तर द्या."

लोक हसले. अण्णांनी वाचायला सुरुवात केली. कागद माझा, अक्षर माझं, पण नवरदेव ते स्वतः झाले होते. बहिणीचं लग्न गेलं, त्यांचं लग्न आलं. माझ्या बाबांच्या जागी त्यांचे सासरे आले. सायकलीचं त्यांनी घड्याळ केलं. सासऱ्यांनी स्वतःच्या मनगटावरचं जुनं घड्याळ पॉलिश करून दिलं, आणि मी हावरटासारखं ते घेतलं, असं ते वाचत गेले. कागदावर सायकल आली की ते अर्धा क्षण थांबत आणि घड्याळ म्हणत. मी मागे बसून मोजत होतो, अजून तीन सायकली, अजून दोन. शेवटच्या सायकलीला ते घसरले.

"आणि मग मी त्या घड्याळावर बसलो," त्यांनी वाचलं, "आणि वरात निघाली."

मंडप हसून हसून आडवा झाला. अण्णाही हसले, पण कागद खाली ठेवला नाही. पुढचं वाचलं. ज्या मुलीच्या बापाने आपली रोजची वस्तू रंगवून दिली, तिला सणाला घरी पाठवायचं नाही, असा नियम कुणी केला, हे वाक्य त्यांनी जसंच्या तसं वाचलं. तेव्हा कुणी हसलं नाही. मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. मामा मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत होते.

परीक्षकाने स्वतःच बक्षीस लाटायला बघितलं, म्हणून मंडळाने अण्णांचं परीक्षकपद काढून घेतलं. चाळीतली पोरं त्यांना 'घड्याळ' म्हणायला लागली. ते ओ द्यायचे.

अक्कांना मात्र लागलं होतं. एकदा मला चकली देताना म्हणाल्या, "माझ्या वडलांनी ह्यांना काय दिलेलं ठाऊक आहे? नारळ. हेच म्हणाले होते, नारळाशिवाय काही घेणार नाही. आता सगळ्या बायका मला विचारतात, तुझ्या बापाचं घड्याळ चालतं का गं. वडील वारले माझे. ह्यांना विचारलं, असं का लिहिलात, तर म्हणतात, निबंध होता." मी मान हलवली आणि चकली खाल्ली. एवढंच केलं.

दिवाळीला बहीण आली नाही. संक्रांतीला आली. मी त्या वेळी घरीच होतो. ती सांगत होती, "मामासासरे आले होते बेंगळुरूहून. सासूबाईंना म्हणाले, पोरीला पाठवा, त्या घड्याळाचं आता पुरे झालं. सासूबाई विचारतात, कुठलं घड्याळ? तर म्हणाले, तुम्ही पाठवा फक्त."

मग मी तिला सगळं सांगितलं. घड्याळावर बसले म्हटल्यावर ती पोट धरून हसली. डोळे पुसले आणि विचारलं, "त्यांच्या बायकोला सांगितलंस ना, की हे आपलं होतं?"

मी माझी पिशवी भरायला लागलो. ती म्हणाली, "अरे, असा कसा तू."

तिने डबाभर तिळगूळ बांधून दिला. स्टेशनावर उतरलो तो खोलीवर न जाता सरळ समोरच्या घराकडे गेलो. दाराला कुलूप होतं. कारखान्याने अण्णांना दुसऱ्या राज्यातल्या नव्या शाखेत पाठवलं होतं, आठवड्यापूर्वीच सामान गेलं होतं. कारखान्यात जाऊन पत्ता मिळवता आला असता. तो मी अजून मिळवलेला नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

घरमालकीणबाई बाहेर आल्या. मी डबा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी थोडा तिळगूळ घेतला, आत जाऊन त्यांच्याकडचे संक्रांतीचे तीळ-गूळ-खोबरं आणून माझ्या हातावर ठेवलं आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, तीळ खावेत आणि चांगलं बोलावं.

मी त्या बंद दारासमोर उभा राहून ते खाल्लं.